चाळीत कांदा नसताना घेतलेला इसार

सुगीचे पैसे हाती आले की पूर्वी पारावर बोलणे व्हायचे ते बैलजोडीचे, विहिरीच्या कामाचे, नाहीतर लेकीच्या लग्नाचे. आता त्याच पारावर तरणी पोरे कोणत्या ब्रोकरची दलाली कमी आणि कोणती स्ट्रॅटेजी जास्त चालते यावर हिरिरीने वाद घालताना दिसतात. निफ्टीचा कॉल घेतला, पुट विकला, ही भाषा तालुक्याच्या एस.टी. स्टँडवरही नवी राहिलेली नाही. थोरल्या मंडळींना त्यातले काही उमगत नाही, म्हणून ती गप्प बसतात. वास्तविक ऑप्शन नावाचा हा व्यवहार थोरल्यांनीच आयुष्यभर केलेला आहे. आपण त्याला इसार म्हणतो.

समजा, तुमच्या चाळीत ७५ क्विंटल कांदा आहे. व्यापारी येतो आणि म्हणतो, महिन्याच्या आत दोन हजार रुपये क्विंटलने उचलतो, हा घ्या क्विंटलमागे शंभराचा इसार. तुम्ही साडेसात हजार खिशात घालता. पुढे भाव तीन हजारांवर गेला तर तो गाडी घेऊन दारात हजर. ठरल्या भावानेच माल द्यावा लागतो आणि पंचाहत्तर हजारांचा वरचा भाव तुमच्या हातून जातो. भाव बाराशेवर आला तर गडी फिरकतच नाही, फक्त इसार सोडतो. इसार देणाऱ्याचे नुकसान ठरलेले आहे, घेणाऱ्याची मात्र मान अडकलेली आहे. शेअरबाजारात या इसाराला प्रीमियम म्हणतात आणि या सौद्याला कॉल. याच्या उलट, ठरल्या भावाने माल विकण्याचा हक्क म्हणजे पुट. सरकारचा हमीभाव हा एका परीने फुकट मिळालेला पुटच होय. आता २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात किती कमी भावाने माल घालावा लागला, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. हक्क कागदावर असणे वेगळे आणि वजनकाट्यावर मिळणे वेगळे.

तर स्ट्रॅटेजी नावाचे जे डावपेच पोरे मोबाईलवर बघतात, त्यांची खरी वाटणी एवढीच आहे: तुम्ही इसार देणारे की घेणारे? देणाऱ्याचा धोका मर्यादित, पण मुदत जवळ येईल तसा त्याचा इसार संध्याकाळच्या बाजारातल्या मेथीच्या जुडीसारखा उतरत जातो. भाव नुसता वाढून चालत नाही, मुदतीच्या आत आणि पुरेसा वाढावा लागतो. म्हणून बहुतेक वेळा त्याचे थोडे थोडे जातच राहते. हे कळले की पोरगा म्हणतो, मग आपण घेणाऱ्याच्या बाजूला बसू, रोज इसार गोळा करू. स्ट्रॅडल, स्ट्रँगल ही भारी नावे यातलीच. एकाच वेळी वर जाण्याचा आणि खाली येण्याचा, दोन्हीकडचा इसार घ्यायचा आणि भाव जागचा हलू नये म्हणून देवाला हात जोडायचे. आठ-दहा महिने पैसे सुटतातही. पण त्याच्या चाळीत कांदा नसतो हो! भाव उसळला की बाजारातून चढ्या दराने घेऊन द्यावे लागते आणि वर्षाची कमाई एका दुपारी जाते. ज्याच्याकडे शेअर खरोखर आहेत त्याने त्यावर कॉल विकला किंवा पडझडीच्या भीतीने पुट घेतला, तर तो व्यवहार समजण्यासारखा आहे. इसार घेतला असेल तर त्यातला थोडा दुसऱ्याला देऊन आपला तोटा बांधून घेणे, ज्याला स्प्रेड म्हणतात, तेही ठीक. बाकी सट्टाच.

ब्रोकरचे म्हणाल तर दोन प्रकार आहेत. एक, बँकांशी जोडलेले जुने. ते टक्क्याने किंवा लॉटमागे दलाली घेतात आणि कोणता शेअर घ्यावा याचा सल्लाही देतात. दुसरे, फोनवरचे स्वस्त. त्यांच्यातला रुळलेला दर म्हणजे ऑर्डरमागे सरसकट २० रुपये. वीस रुपये म्हणजे चहापाणी, असे वाटते. पण हिशेब करून बघा. साडेसात हजारांचा एक ऑप्शन घेतला आणि त्याच भावाने विकला, तर दोन्ही वेळची दलाली, त्यावर १८ टक्के जीएसटी, बाजाराचे शुल्क आणि सरकारचा व्यवहार कर धरून २०२४ अखेरच्या दराने साठेक रुपये जातात. दिवसाला असे दहा सौदे, महिन्याला वीस दिवस, म्हणजे बारा हजार रुपये झाले, नफा-तोटा अजून धरलाच नाही. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय आपल्याकडे २०१६ साली झाला; शेअरबाजारातला आडत्या दोन्हीकडून घेतो आणि तुम्ही बुडालात तरी घेतो. म्हणून दलाली कमी यापेक्षा महत्त्वाचे हे, की त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक आहे का, पैसे फक्त तुमच्या बँक खात्यातून त्याच्या खात्यात जातात का, आणि शेअर गहाण टाकण्याचा अधिकार तुम्ही कोणत्या कागदावर दिला आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात सेबीने कार्वी या मोठ्या दलाल कंपनीवर ग्राहकांचे शेअर परस्पर वापरल्याबद्दल कारवाई केली, ती आठवावी. रोख पैसे मागणारा, महिन्याला ठराविक टक्के देतो म्हणणारा, किंवा बाजाराबाहेर वहीवर ‘डब्बा’ चालवणारा माणूस ओळखीचा असला तरी त्याला दारातूनच परत पाठवा.

आता या खेळात कोण जिंकते ते सेबीनेच मोजले आहे. आर्थिक वर्ष २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तोटा माणशी सरासरी दोन लाख, सगळा मिळून १.८ लाख कोटींवर. २०२३-२४ मध्ये यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवले होते. नफा गेला तो बहुतांशी परदेशी संस्थांकडे आणि स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या दलाल कंपन्यांकडे, ज्यांचे सौदे संगणक करतो. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम कडक केले, सौद्याचा किमान आकार १५ लाखांवर नेला, आठवड्याच्या मुदतीचे सौदे प्रत्येक बाजारात एका निर्देशांकापुरते ठेवले. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच होते.

आमची खरी काळजी वेगळी आहे. सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडले तर तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडते. तो पैसा बी-बियाण्याऐवजी फोनवर गेला आणि मुदत चुकली, की सवलत जाते, खाते थकते, पुढच्या खरिपाला नवे कर्ज मिळत नाही. बापाच्या सातबाऱ्यावर बोजा आणि पोराच्या फोनवर लाल आकडे, अशी घरे आता खेड्यातही आहेत. सोसायटीच्या सचिवांनी कर्जवाटपाच्या वेळी दोन शब्द बोलावेत. तलाठी आणि ग्रामसेवक बंधूंनाही सांगणे आहे: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी सेवकाला शेअरचा सट्टा मना आहे आणि वारंवारची खरेदी-विक्री हा सट्टाच धरतात. ज्याने व्यवहार केलेच असतील त्याने विवरणपत्र मुदतीत भरावे, मग उत्पन्न शेतीचे असो वा नसो. तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा तर त्याला दुसरा मार्ग नाही.

आणि एक विसंगती सरकारच्याही नजरेस आणावीशी वाटते. शेतमालावरचे पहिले ऑप्शन, गवारबियांचे, १४ जानेवारी २०१८ रोजी त्या वेळचे अर्थमंत्री अरुण जेटली यांच्या हस्ते सुरू झाले. पेरणीच्या वेळी थोडा इसार देऊन काढणीचा भाव बांधून घेता येईल, ही त्यामागची कल्पना होती. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, मूग, गहू, मोहरी यांचे वायदे महागाईच्या नावाखाली स्थगित केले आणि ती स्थगिती वेळोवेळी वाढवली. म्हणजे ज्या सोयाबीनचा भाव आमच्या पोटाशी आहे त्याच्या पुटची वाट बुजवून टाकली आणि निफ्टीचा कॉल मात्र पोराच्या खिशात आणून ठेवला. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आपल्या वार्षिक सभेत या विषयाचा ठराव करून तो खासदारांकडे पाठवावा.