'आदिम' म्हणण्याआधी

ढोलाविषयी लिहिताना आपली समीक्षा अजूनही 'आदिम', 'रांगडा', 'रक्तात भिनलेला' अशा विशेषणांवर भागवते. ही विशेषणे गौरवाची वाटतात. प्रत्यक्षात ती वादकाच्या बुद्धीचे श्रेय काढून घेतात. क्यूबाच्या काँगा या वाद्याकडे पाहताना हे विशेषत्वाने जाणवते.

क्यूबात या वाद्याला तुंबादोरा म्हणतात. पूर्वी त्याचे कातडे लाकडी पिंपावर खिळ्यांनी ठोकलेले असे. दमट हवेत ते सैल पडे, मग वादक धगीवर धरून त्याचा स्वर चढवीत. हलगी शेकताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास धातूचे कडे आणि पान्याने आवळायचे नट आले. कार्लोस 'पातातो' वाल्देस या वादकाने तर स्वरात लावलेल्या काँगांच्या संचावर सुरावटीही वाजवल्या.

मात्र वाद्य लावणे म्हणजे केवळ नट आवळणे नव्हे. आपल्याकडे तबला सहसा गायकाच्या षड्जाशी मिळवतात. रुंबामध्ये ढोल मुख्यतः एकमेकांशी मिळवावे लागतात. ग्वाग्वान्को या रुंबाप्रकारात खर्जातला तुंबा आणि मधला त्रेस दोस यांच्या खुल्या आघातांतून एक लहानशी सुरावट उभी राहते. सर्वांत वरचा किंतो नर्तकाच्या पावलांना उत्तर देतो. पहिल्या दोघांचे स्वर फार जवळ आले, तर ती सुरावटच पुसली जाते. म्हणजे प्रत्येकाला आपला ढोल लावताना शेजाऱ्याचा ढोल ऐकावा लागतो. याला 'आदिम' कसे म्हणावे?

चानो पोसो नोटेशन वाचत नसे. तरी १९४७ साली डिझी गिलेस्पीच्या जाझवृंदासाठी 'मान्तेका' ही रचना घडत असताना कोणत्या वाद्याने काय वाजवायचे, हे त्याने तोंडाने गाऊन सांगितले. हे रचनाकाराचे काम आहे. त्याचे श्रेय रक्ताला कसे देता येईल?

कोणी म्हणेल, विशेषण हा श्रोत्याचा अनुभव असतो. मान्य. पण मग तो श्रोत्याच्या नावावर राहू द्यावा, वादकाच्या वंशावर लादू नये. या बाबतीत फर्नांदो ऑर्तिस या क्यूबन विद्वानाचा प्रवास बोलका आहे. १९०६ साली त्याने आफ्रिकी वंशाच्या क्यूबन लोकांच्या धर्माचरणाकडे गुन्हेगारीशास्त्राच्या चष्म्यातून पाहणारे पुस्तक लिहिले. त्यानेच १९५२ ते १९५५ या काळात त्या समाजाच्या वाद्यांवर पाच खंड प्रसिद्ध केले. ज्या समाजाकडे त्याने आधी संशयाने पाहिले, त्याच्या वाद्यांची घडण तपशिलाने नोंदवण्यापर्यंत तो येऊन पोचला.

आपल्या वर्गांतून हलगी, संबळ, ढोलकी यांचे उल्लेख असलेले साहित्य शिकवले जाते. तिथे 'रांगडा ठेका' एवढे सांगून आपण पुढे सरकतो. ते वाद्य कोण लावतो, कशाने लावतो आणि कोणाच्या स्वराशी मिळवतो, हे विद्यार्थ्यांनी एकदा वादकालाच जाऊन विचारावे. मगच त्या उताऱ्यावर लिहावे.