अढळपदावरची वादळे

ध्रुवबाळाची गोष्ट ऐकल्यावाचून मराठी घरातले मूल सहसा मोठे होत नाही. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून उठवले, पोर रुसून रानात गेले, तप केले, आणि नारायणाने त्याला अशी जागा दिली की तिथून त्याला कोणी 'ऊठ' म्हणणार नाही. तेव्हापासून 'ध्रुव' म्हणजे अढळ. पुढे भूगोलाच्या पुस्तकांनी पृथ्वीच्या दोन्ही टोकांना हेच नाव दिले. मी पडलो मराठीचा मास्तर, तेव्हा शब्दांच्या अशा वंशावळीचे मला भारी कौतुक. पण या नावाने आपली थोडी फसगतच केली आहे. कारण या अढळपदाच्या डोक्यावर, जमिनीपासून शंभर किलोमीटर आणि त्याहून उंच, जी विरळ हवा आहे, तिच्याइतकी चंचल आणि तापट हवा क्वचितच सापडेल.

१० मे २०२४ च्या रात्री याचा प्रत्यय साऱ्या जगाला आला. सूर्यावरून लागोपाठ सुटलेले तप्त वायूचे लोट पृथ्वीवर येऊन आदळले आणि दोन दशकांत झाले नव्हते असे मोठे भूचुंबकीय वादळ उठले. एरवी ध्रुवांजवळ दिसणारा ध्रुवीय प्रकाश युरोप-अमेरिकेच्या दक्षिण भागापर्यंत उतरला. आपल्याकडे लडाखमध्ये हानले येथेही कॅमेऱ्यांनी क्षितिजावरची लाल झाक टिपली. दुसऱ्या दिवशी घरोघरी मोबाइलवर ती हिरवी, जांभळी, गुलाबी चित्रे आली. 'देवाची दिवाळी' म्हणून आपण ती पाहिली आणि पुढच्या घरी धाडून दिली. चित्रे सुंदरच होती. पण तो रंग म्हणजे तापलेल्या कपाळाची लाली होती, हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

हा ताप चढतो कसा? शाळेत आपण कागदावर लोखंडाचा कीस टाकून खाली चुंबक धरला होता. किसाच्या कमानी उमटल्या आणि त्या चुंबकाच्या दोन टोकांशी येऊन मिळाल्या. पृथ्वीभोवतीही अशाच अदृश्य कमानी आहेत. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. त्या कणांना या कमानी आडव्या ओलांडणे कठीण. पण कमानीच्या वाटेने घसरत खाली येणे सोपे. वादळात सौरवाऱ्याचा जोर वाढला, आणि त्याच्यासोबत आलेल्या चुंबकत्वाची दिशा पृथ्वीच्या उलट असली, की दार उघडते. शक्ती आत शिरते आणि चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या एका कड्यात कणांचा पाऊस सुरू होतो. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनला धक्का बसला की हिरवा प्रकाश. दोनशे किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल होतो. खालच्या काठाची जांभळट किनार नायट्रोजनची. हानलेला लालच का दिसला, याचे उत्तर यातच आहे. दूरवरच्या दिव्याचा वरचा भाग तेवढा क्षितिजावर डोकावला.

परंतु प्रकाश हा या सगळ्या खटाटोपातला लहानसा हिस्सा. खरी शक्ती खर्च होते ती विजेच्या प्रवाहात. ध्रुवप्रदेशावरील हवेतून अशा वेळी दहा लाख अँपिअर आणि त्याहूनही मोठे प्रवाह वाहतात. शेगडीची तार प्रवाहाने तापते, तशी ती हवाही तापते. तापली की फुगते, आणि फुगली की वर चढते. चुलीवरचे दूध भांड्याच्या काठाशी येते, अगदी तसे. शिवाय ध्रुवावर उतू गेलेले हे दूध ध्रुवावरच राहत नाही. तिथून निघालेल्या हवेच्या लाटा काही तासांतच विषुववृत्तापर्यंत पोहोचतात.

आता या काठाशी फिरणारे उपग्रह आठवा. त्यांची वाट जवळजवळ निर्वात म्हणून निवडलेली. खालची हवा तिथवर चढून आली की त्यांना अडथळा होतो, वेग घटतो, आणि ते खाली घसरू लागतात. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पेसएक्स कंपनीने ४९ स्टारलिंक उपग्रह सोडले. सुरुवातीची उंची होती सुमारे २१० किलोमीटर. पाठोपाठ एक भूचुंबकीय वादळ आले. तेही फार मोठे नव्हे, सौम्यच म्हणायचे. पण हवेचा अडथळा आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढला, आणि सुमारे ४० उपग्रह वर चढण्याऐवजी खाली येऊन जळून गेले. साध्या कणकणीने एवढे केले, तर खऱ्या तापाने काय होईल?

निसर्गाने यावर उताराही ठेवला आहे. दूध वर येताना दिसले की घरातली बाई त्यावर पाण्याचा हबका मारते. वरच्या हवेत हे काम नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू करतो. गंमत अशी की तो वादळातच तयार होतो. ज्या कणांनी हवा तापवली, तेच नायट्रोजन फोडून हा वायू घडवतात, आणि तो उष्णता अवकाशात उधळून टाकतो. एप्रिल २००२ मधील वादळांत उपग्रहावरच्या उपकरणाने हे प्रत्यक्ष मोजले. म्हणूनच वादळानंतर दोन-चार दिवसांत हवा पुष्कळशी ठिकाणावर येते.

पण औषधालाही गुण तसे दोष. ध्रुवावर सहा महिन्यांची रात्र असते. सूर्यप्रकाश नसला की हा वायू मोडत नाही. हळूहळू खाली उतरतो आणि ओझोनला खाऊ लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ मध्ये मोठी सौरवादळे झाली. पुढच्या वसंतात, २००४ साली, उत्तर ध्रुवप्रदेशावर सुमारे चाळीस किलोमीटर उंचीवरच्या ओझोनमध्ये लक्षणीय घट आढळली. त्या हिवाळ्यातल्या वाऱ्यांचाही त्यात हात होता, हे खरे. तरी शंभर किलोमीटरवरची गडबड काही महिन्यांनी चाळीस किलोमीटरवर हजर होते, हे विसरून चालणार नाही.

'असेना का! तिकडे राहतो कोण?' असे कोणी म्हणेल. राहत कोणी नसेल, पण जातो येतो आपण. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला उत्तर ध्रुवावरून विमान आणले. अमेरिकेतल्या लेकीकडून परतणारे आईबाप उद्या त्याच वाटेने येतील. सुमारे ८२ अंश अक्षांशाच्या पलीकडे विषुववृत्तावर स्थिर असलेले उपग्रह क्षितिजाआड जातात, म्हणून तिथे वैमानिकाला लघुलहरींच्या रेडिओचा मोठा आधार. ज्यांनी कान लावून लघुलहरींवर सिलोन ऐकले आहे, त्यांना ठाऊक असेल की या लहरी वरच्या हवेवर आपटून दूर जातात. मोठ्या सौर उद्रेकात वेगवान प्रोटॉन ध्रुवावरच्या साठ-नव्वद किलोमीटरच्या थरात घुसतात. मग तो थर लहरी परत पाठवण्याऐवजी गिळून टाकतो. कधी कधी हे मौन दिवसदिवस टिकते. अशा वेळी विमान कंपन्या दक्षिणेकडची लांबची वाट धरतात. जानेवारी २०१२ मध्ये असेच झाले.

आणि वरचा प्रवाह बदलला की खालच्या जमिनीतही प्रवाह जागा होतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात गेली. साठ लाख माणसे, ऐन थंडीत, नऊ तास अंधारात होती. वर आकाशात दिवे आणि खाली घरात काळोख, अशी ती दिवाळी!

हे सगळे आपल्याला कळले कसे? कोणीतरी तिथे जाऊन बसले म्हणून. नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलान याने १८९९ साली उत्तर नॉर्वेतल्या हाल्दे पर्वताच्या माथ्यावर वेधशाळा उभारली आणि सहकाऱ्यांसह तिथे हिवाळा काढला. एक सहकारी हिमलोटाखाली दगावला. ध्रुवीय प्रकाशासोबत विजेचे प्रचंड प्रवाह अवकाशातून खाली उतरतात, असे बिर्केलानचे म्हणणे. मोठमोठ्या विद्वानांनी ते मानले नाही. १९१७ साली तो टोकियोत वारला. साठ-सत्तरच्या दशकांत उपग्रहांनी ते प्रवाह मोजले, आणि आज त्यांना त्याचेच नाव आहे.

अशीच एक बैठक आपल्या मुंबईतही होती. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकसूचीच्या नोंदी होत. २ सप्टेंबर १८५९ रोजी, आजवर नोंदलेल्या सर्वांत प्रचंड वादळात, तिथल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून आणि हाताने लिहून आकडे टिपले. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले होते. त्याच वादळात ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसला. कुलाब्याच्या माणसांच्या हाती मात्र सुईची थरथर आणि आकड्यांची रांग. त्या वादळाची ताकद अजमावताना आजही शास्त्रज्ञ तीच रांग उघडतात. विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव सूचीला होऊ नये म्हणून १९०४ साली हे काम अलिबागेस गेले, आणि ते अजून चालू आहे. अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री तळावरही भारतीय उपकरणे दक्षिण ध्रुवाकडच्या आकाशाची नाडी धरून बसली आहेत.

तेव्हा मला वाटते, ध्रुवबाळाचा शब्द अगदीच वाया गेलेला नाही. अढळपद ध्रुवावरच्या हवेच्या वाट्याला आले नाही हे खरे. पण आकाशात काही दिसो न दिसो, तासातासाला उठून सुईचा आकडा वहीत मांडणारी ती कुलाब्याची माणसे आठवली, की तो शब्द कुठे ठेवावा हे मला कळते. यापुढे मोबाइलवर ध्रुवीय प्रकाशाचे चित्र आले तर जरूर पाहा, मुलांना दाखवा. आणि त्या रात्री कुठेतरी एक वही उघडी असेल, हेही त्यांना सांगा.