तगादा कोणी लावावा?

१९९३ साली ‘द रेड शूज’ हा गीतसंग्रह देऊन केट बुश ही इंग्लंडची लोकप्रिय गायिका व संगीतकार जी घरात शिरली, ती २००५च्या नोव्हेंबरात ‘एरियल’ घेऊनच बाहेर आली. आणि मधल्या बारा वर्षांत तेथील वृत्तपत्रांनी तिच्याविषयी जे तर्ककुतर्क लढविले, त्यांत काळजीपेक्षा थकबाकी वसूल करू पाहणाऱ्या सावकाराचा सूरच अधिक होता. १९७८ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, स्वरचित गीताने ब्रिटनमध्ये पहिले स्थान मिळविणारी ही पहिली स्त्री. म्हणून मुदत उलटताच तिला जाब विचारण्याचा हक्क श्रोत्यांस प्राप्त होतो, ही समजूत मला मुळातच अमान्य आहे.

या काळात ती मुलाला वाढवीत होती. ‘एरियल’ ऐकावा, म्हणजे ती वर्षे कोठे मुरली ते कळते. एका गीतात, केवळ पियानोच्या साथीने, एक गृहिणी वॉशिंग मशीनमध्ये गरगरणारे कपडे पाहत बसते आणि पाहता पाहता त्या पाण्याचा समुद्र होतो. दुसऱ्यात पाय या गणिती संख्येचे अंक एकामागून एक अशा आर्जवाने येतात, की जणू ते प्रेमपत्रच असावे. (मधले काही अंक गळाले आहेत, हे हिशेबी मंडळींनी दाखवून दिलेच!) ‘अ कोरल रूम’मध्ये दिवंगत आईचे एक लहानसे तपकिरी भांडे आहे. आणि दुसरी तबकडी तर सबंध एका दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंतची, पाखरांच्या किलबिलाटाने भरलेली. तिच्या अखेरीस ही बाई त्या पाखरांबरोबर चक्क खळखळून हसते. कंपनीच्या फर्मानाबरहुकूम असले हसू येत नाही.

आता, असे मौन सर्वांनाच परवडते काय, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ही मुभा तिला कोणी खैरात म्हणून दिलेली नव्हती. १९८२चा ‘द ड्रीमिंग’ भाड्याच्या स्टुडिओंत घडविताना पैसा पाण्यासारखा गेला, तेव्हा तिने आईवडिलांच्या घरीच स्वतःचा स्टुडिओ उभारला. घड्याळाकडे पाहून गाण्याची गरज तेव्हाच संपली.

पुढे २०११ या एकाच वर्षात तिने दोन संग्रह काढले, त्यांतला एक आपल्या जुन्याच गीतांना नव्याने घडविणारा. त्या वेळी मात्र ‘बाई, इतकी घाई कशाला?’ असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.