पाळी जाताना डबी कशाला?

पाळी जायच्या वयात अंगातून अचानक वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते. आपल्या आयाबहिणी हे घरात बोलत नाहीत. मग कुणीतरी सोया आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूलची महागडी डबी हातात ठेवतं.

आम्हाला ही डबी पटत नाही. आयसोफ्लेव्होन हा सोयाबीनमधला, स्त्री-संप्रेरकाशी थोडा मिळताजुळता घटक. काही चाचण्यांत वाफा थोड्या कमी झाल्या, काहींत औषध नसलेल्या गोळीइतकाच फरक पडला. उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली वाफांसाठी सोयाची शिफारस केली नाही.

त्यापेक्षा सोयावडी आणा. वाफा थांबवायला नव्हे, पोषणासाठी. १०० ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. मात्र ती तिच्याही ताटात पडली पाहिजे, सगळ्यांचं जेवून उरलेली नको. थायरॉईडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊच नका.

वाफांनी झोप उडाली असेल तर त्यावर खरी औषधं आहेत, डॉक्टरांना सांगा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग जरी, तरी लाजू नका. त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा.