डायलिसिसचे यंत्र दिसते, जलवाहिनी दिसत नाही

26 एप्रिल 2024 रोजी अमरावती लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा रिंगणात 37 उमेदवार होते. एका मतदान यंत्रावर ‘नोटा’ धरून 16 बटणे मावतात. त्यामुळे अमरावतीच्या मतदाराला तीन यंत्रांवरून नजर फिरवावी लागली. एवढ्या उमेदवारांचे शिक्षण, मालमत्ता, काम आणि आश्वासने कोणी घरी बसून ताडून पाहिली असतील, असे मानण्याचे कारण नाही. तरीही लाखो मतदार आत गेले आणि काही सेकंदांत ठामपणे बटण दाबून बाहेर आले. त्याच दिवशी शेजारच्या अकोल्यात तिरंगी लढत होती; तिथेही चित्र वेगळे नव्हते. हा निर्णय मनात कसा होतो, हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे. त्याचे परिणाम मात्र दवाखान्यापर्यंत येतात.

नोबेल पारितोषिक विजेते अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी माणसाच्या निर्णयांबद्दल एक साधी गोष्ट सांगितली होती. माणूस सर्व पर्याय तपासून सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. ‘पुरेसा बरा’ पर्याय सापडला की थांबतो. रुग्ण डॉक्टर निवडतो तेव्हाही हेच घडते. पाटीवरच्या पदव्या वाचून फार थोडे लोक येतात. शेजारणीला गुण आला, मामेभावाने नाव सांगितले, कंपाउंडर गावचाच आहे, एवढे पुरते. यात मूर्खपणा नाही. वेळ आणि माहिती कमी असताना मेंदू वापरतो तो हा जवळचा रस्ता आहे.

मतदार हाच रस्ता घेतो, हे जुन्या अभ्यासातून दिसते. 1940 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याच त्या मतदारांना निवडणूक संपेपर्यंत पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. प्रचाराने मने फिरत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेकांचे मत आधीच ठरलेले निघाले. जे थोडे हलले, त्यांच्यावर वर्तमानपत्र आणि रेडिओपेक्षा घरच्या आणि ओळखीच्या माणसांचा प्रभाव अधिक होता. वऱ्हाडात हे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. पारावरची चर्चा, भाऊबंदांचा कल, बचत गटातल्या गप्पा, जात, पक्ष, घराणे, कापूस आणि सोयाबीनचा भाव यांतून मत घडते. जातीकडे पाहून मत देणाराही बहुधा एक व्यावहारिक प्रश्नच मनात घोळवत असतो: रात्री-बेरात्री अडचण आली तर आपला फोन कोण उचलेल?

काही संकेत तर याहूनही उथळ असतात. 2005 मध्ये अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी लोकांना अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांचे फक्त चेहरे दाखवले आणि दोघांपैकी अधिक कर्तबगार कोण वाटतो, एवढेच विचारले. अनोळखी चेहऱ्यांवरून क्षणभरात दिलेली ही उत्तरे सुमारे 70 टक्के लढतींच्या निकालाशी जुळली. चौकाचौकांतले भव्य फलक उमेदवार कशासाठी लावतात, याचे उत्तर यात काही प्रमाणात मिळते.

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र 2009 मधला आहे. अँड्र्यू हिली आणि नील मल्होत्रा यांनी अमेरिकेतील नैसर्गिक आपत्ती आणि मतदान यांचा संबंध तपासला. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सरकारला मतदारांनी मते देऊन बक्षीस दिले. आपत्तीचे नुकसान टळावे म्हणून आधी खर्च करणाऱ्या सरकारला मात्र त्याचे श्रेय मिळाले नाही. वास्तविक त्यांच्या अंदाजानुसार, पूर्वतयारीवरचा एक डॉलर पुढचे सुमारे 15 डॉलरचे नुकसान वाचवत होता. थोडक्यात, उपचाराला मत मिळते, प्रतिबंधाला मिळत नाही. टळलेला आजार कोणाला दिसत नाही आणि न दिसलेल्या गोष्टीबद्दल कोणी आभार मानत नाही.

या निष्कर्षाचा वऱ्हाडातला अर्थ समजून घ्यायचा तर पूर्णा नदीच्या खोऱ्यात जावे लागते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा म्हणजे दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतील शेकडो गावे. जमिनीखालचे पाणी इथे मुळातच खारट आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतले जातात. या पट्ट्यातील अनेक विहिरी आणि बोअर ही सवलतीची मर्यादाही ओलांडतात.

या भागात मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार जुनी आहे. प्रत्येक रुग्णाचा दोष पाण्यावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची मोठी कारणे इथेही आहेत. उन्हात राबताना शरीरातले पाणी कमी होणे आणि अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाणे हेही धोके आहेत. पण जास्त सोडियम पोटात गेल्याने रक्तदाब वाढतो, हे पक्के माहीत आहे. चवीला खारट म्हणून माणूस पाणी कमी पितो, तेही मूत्रपिंडाला मानवत नाही. हा आजार चोरपावलांनी येतो. मूत्रपिंडाचे निम्म्याहून अधिक काम थांबेपर्यंत बहुतेकांना काही जाणवत नाही. पायाला सूज येते, भूक जाते, तेव्हा क्रिएटिनिन तपासले जाते आणि घरावर आभाळ कोसळते.

मग आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, शिवाय जाण्यायेण्याचा दिवस आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. अशा वेळी जो नेता रुग्णालयात फोन करतो, गाडी देतो, योजनेचे कागद मार्गी लावतो, तो कुटुंबाला देवासारखा वाटतो. ती कृतज्ञता खरी आहे आणि रास्तही आहे. डायलिसिसचे नवे यंत्र बसले की फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. पण ज्या जलवाहिनीमुळे वीस वर्षांनी काही माणसांवर त्या यंत्रापर्यंत जाण्याची वेळच येणार नाही, ती जमिनीखाली असते. तिचे श्रेय घेणारा तोवर पदावर नसतो. दोघांत निवड करायची झाली, तर व्यवहारी उमेदवार यंत्राकडे वळेल. त्याला तसे शिकवणारा मतदारच असतो.

पाण्याचे काही झालेच नाही, असे नाही. वान धरणावरची 84 खेडी योजना आणि शहानूर धरणावरची योजना यांनी अनेक गावांची तहान भागवली आहे. पाणी कधी कधी राजकारणाच्या मध्यभागीही येते. बाळापूर मतदारसंघातील 69 गावांच्या योजनेसाठी वान धरणातून पाणी घेण्यास तेल्हारा भागातील शेतकऱ्यांचा विरोध होता. 2022 मध्ये योजनेला स्थगिती मिळाली. एप्रिल 2023 मध्ये आमदार नितीन देशमुख यांनी खारे पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरकडे यात्रा काढली. या वादात एका बाजूला पिण्याचे पाणी होते, दुसऱ्या बाजूला ओलिताचे. कोणाची बाजू बरोबर, हे घोषणांवरून ठरत नाही. धरणात पाणी किती, कोणाचा हक्क किती, दुसरा स्रोत कोणता, हे आकडे मतदारापुढे यावे लागतात. प्रचाराच्या सभेत तेच सहसा येत नाहीत.

आणखी एक गल्लत नेहमी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही याचा राग लोकसभेच्या मतातून निघतो आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मात्र भावकी पाहिली जाते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. ग्रामीण रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. गावातल्या नळाची देखरेख ग्रामपंचायत आणि तिची पाणीपुरवठा समिती करते. जलजीवन मिशनचा पैसा केंद्र आणि राज्य दोघांकडून येतो. दुखणे एकाचे आणि औषध दुसऱ्याला दिले, तर गुण कसा येणार?

मतदार बदलू शकतो, याला पुरावा आहे. 2008 च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीआधी अभिजित बॅनर्जी, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी काही वस्त्यांमध्ये आमदारांच्या कामाची प्रगतिपत्रके वर्तमानपत्रातून पोहोचवली. निधी कुठे खर्च झाला, सभागृहात हजेरी किती, अशी साधी माहिती त्यांत होती. ज्या वस्त्यांत ती पोहोचली, तिथे मतदान वाढले, चांगले काम करणाऱ्यांना जास्त मते मिळाली आणि पैसे वाटण्याचे प्रकारही कमी दिसले. मतदार तेच, गरिबीही तीच. हातात योग्य वेळी एक कागद आला, एवढाच फरक.

जात, पक्ष, ओळख हे संकेत एका लेखाने पुसले जाणार नाहीत आणि पुसावेत असेही नाही. त्यांच्या जोडीला आणखी एक संकेत ठेवता येईल. प्रचाराला दारी आलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात: आमच्या नळाचे पाणी शेवटचे कधी तपासले आणि त्यात क्षार किती निघाले? आमच्या आरोग्य केंद्रात कोणती पदे रिकामी आहेत? ज्या पदासाठी तुम्ही उभे आहात, त्या पदाच्या अधिकारात यातले काय बसते? उत्तर न देता आल्यास ‘विचारून सांगतो’ म्हणणारा चालेल. विषय बदलणारा मात्र लक्षात ठेवावा.

उमेदवार दारात आला की वऱ्हाडात आधी पाण्याचा गडवा पुढे केला जातो. खारपाणपट्ट्यात तो विहिरीच्या पाण्याने भरलेला असावा आणि पाहुण्याने तो पूर्ण प्यावा, एवढीही परीक्षा पुरेशी आहे.