सबस्क्रिप्शन संपतंय म्हणे!

'तुमचं पेमेंट फेल झालंय, ४८ तासांत कार्ड अपडेट करा, नाहीतर अकाउंट बंद' अशी मेल तुमच्याही इनबॉक्समध्ये कधीतरी पडली असेलच. कधी नेटफ्लिक्सच्या नावाने, कधी ॲमेझॉन प्राइमच्या, कधी क्लाउड स्टोरेजच्या. याला फिशिंग म्हणतात हे आता शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ऑफिसात त्याचं ट्रेनिंग असतं, शेवटी क्विझ असते, ती आपण शेजारच्याला विचारून सोडवतो. असो.

त्या ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट हमखास सांगतात: स्पेलिंगच्या चुका बघा, लोगो नीट बघा. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला आता नुसता जुना नाही, तर घातक झालाय. एआयच्या कृपेने चोरांचं इंग्रजी आपल्या मॅनेजरपेक्षा बरं झालंय, आणि लोगो काय, खऱ्या साइटवरून कोणीही उचलतो. ज्याला चुका शोधायला शिकवलंय, तो चूक सापडली नाही की निर्धास्त होतो. घोळ तिथेच होतो.

बरं, खऱ्या मेलपण अशाच दिसतात! १ ऑक्टोबर २०२१ आठवतोय? रिझर्व्ह बँकेचे दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दलचे नवे नियम त्या दिवशी लागू झाले आणि कितीतरी लोकांची सबस्क्रिप्शन्स खरोखरच अडकली. 'पुन्हा पेमेंट करा' अशा अस्सल मेल तेव्हा येत होत्या. म्हणजे ही मेल आली की घाबरून लिंक दाबायची, ही सवय आपल्याला चोरांनी एकट्यांनी लावलेली नाही.

पण त्याच नियमांमध्ये आपल्या कामाची एक गोष्ट आहे. कार्डावरून असा हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने ग्राहकाला कळवायचं असतं, कोणाला किती आणि कधी ते. त्यामुळे सबस्क्रिप्शनचं काही बिनसलंय असं कोणी म्हणालं, तर आधी बँकेचे मेसेज बघावेत. मग त्या कंपनीचं ॲप आपल्या हाताने उघडावं. खरंच अडचण असेल तर ती ॲपमध्ये दिसेलच. मेल खरी की खोटी याचा निकाल लावायची गरजच काय? मेल खरी असली तरी तिच्यातल्या लिंकवरून जायचं नाही, एवढं पाळलं की अर्धी डोकेदुखी संपते.

आता आमच्याकडची परिस्थिती बघा. पामहून रिक्षाने बोईसर स्टेशन, तिथून सकाळची गाडी, एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवरच्या मेलमध्ये ठळकपणे दिसतं ते फक्त पाठवणाऱ्याचं नाव, आणि ते नाव कोणीही काहीही टाकू शकतो. खरा पत्ता बघायला नावावर बोट ठेवावं लागतं. पालघर ते सफाळे उभ्याने जाणारा माणूस हे करणार आहे का? नाही करणार. म्हणून गाडीत पैशांच्या मेल उघडूच नयेत, असं माझं म्हणणं.

घरी निवांत बसून पत्ता बघायचाच असेल तर शेवटाकडून वाचा. बोईसरमधल्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर 'बॉम्बे टेलर्स' लिहिलं म्हणून ते दुकान मुंबईत जात नाही ना? तसंच 'नेटफ्लिक्स डॉट कॉम डॉट बिलिंग-अमुकतमुक डॉट टॉप' हा पत्ता नेटफ्लिक्सचा नाही. तो 'बिलिंग-अमुकतमुक डॉट टॉप'चा आहे, पुढचं सगळं नुसती पाटी. बँकांना तर रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. तिथे शेवटचे दोन शब्द बघणं सोपं झालंय.

आणि हे वाचायचं काम यंत्रावर सोपवलं तर उत्तम. पासवर्ड मॅनेजर पासवर्ड भरतो तो पत्ता जुळला तरच. लोगो बघून तो भुलत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल तर 'हे बिघडलंय' म्हणत हाताने टाईप करू नका. आधी पत्ता बघा.

ओटीपीचंही तेच. 'फक्त कार्ड व्हेरिफाय करतोय' म्हणणाऱ्या पानावर ओटीपी टाकण्याआधी त्याचा मेसेज पूर्ण वाचा. त्यात बहुतेक वेळा रक्कम आणि दुकानदाराचं नाव असतं. शिवाय परदेशी साइटवर अनेकदा ओटीपी लागतच नाही, नुसत्या कार्डाच्या तपशिलावर पैसे जातात. यावरचा उपाय बँकेच्या ॲपमध्येच आहे: परदेशी व्यवहार बंद ठेवायचं बटण आणि खर्चाची मर्यादा. २०२० पासून बँकांना ही सोय द्यावीच लागते. किती जणांनी वापरलीय?

'गेले तर बँक भरून देईल' असं वाटत असेल तर पुण्याची एक केस वाचण्यासारखी आहे. पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या प्रमुखांनी एका फिशिंग मेलला उत्तर दिलं आणि खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले. २०१३ मध्ये राज्याचे आयटी सचिव राजेश अग्रवाल यांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख द्यायचा आदेश दिला. पूर्ण रक्कम नाही, कारण मेलला उत्तर देण्यात तक्रारदाराचाही वाटा होता. पुढे २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने लिहूनच टाकलं: ग्राहकाने स्वतः तपशील दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

म्हणजे सगळा खेळ मिनिटांचा आहे. पैसे गेल्याचं कळताच आधी बँकेला सांगून कार्ड बंद, लगेच १९३० वर फोन. 'कोणाला सांगायचं, हसतील' म्हणून सोमवारपर्यंत थांबणारे आमच्याकडे भरपूर आहेत, आणि त्यात माझ्यासारखे इंजिनीअर जास्त!

अजून एक. घरातलं सबस्क्रिप्शन बऱ्याचदा बाबांच्या ईमेलवर असतं आणि कार्ड आपलं. मेल त्यांना येते, पोराचं काम आपणच उरकून टाकू म्हणून ते लिंक उघडतात. या रविवारी घरी गेलात तर त्या अकाउंटचा ईमेल बदलून आपला टाका, दोन मिनिटांचं काम आहे.