मांडीवरची शेगडी

माणसाने मांडीवर काय घ्यावं आणि काय घेऊ नये, याचं आपल्याकडे एक साधं शास्त्र आहे. नातू घ्यावा, मांजर घ्यावं, निवडायला तांदळाचं ताट घ्यावं. पेटलेली शेगडी घेऊ नये. मी मात्र गेली दोन वर्षं ती रोज संध्याकाळी घेत होतो आणि वर तिचे हप्तेही भरत होतो. या शेगडीचं नाव लॅपटॉप. लॅप म्हणजे मांडी, एवढं इंग्रजी मलाही येतं.

एके दिवशी आमच्या हिचं लक्ष माझ्या डाव्या मांडीकडे गेलं. तिथे तांबूस-तपकिरी जाळी उमटली होती. "अहो, या वयात गोंदवून कसलं घेतलंत?" असं म्हणून तिने मला थेट डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, "शेगडी घेऊन बसता का हो?"

थट्टा नव्हती ती. काश्मिरात फिरनच्या आत कांगडी घेऊन बसणाऱ्यांच्या पोटावर, मांड्यांवर अशीच जाळी उमटते. वर्षानुवर्षं तेच चाललं तर त्या जागी कर्करोगही होऊ शकतो. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर हीच जाळी पाहिली, आणि तिथे कांगडी नव्हती, लॅपटॉप होता. भाजायला उकळतं पाणीच लागतं असं नाही. ४४ अंशांची वस्तू सहा तास कातडीला चिकटून राहिली तरी पुरते.

मी तडक दुरुस्ती केंद्रात गेलो. तिथला मुलगा गोड हसून म्हणाला, "काका, तो मांडीवर ठेवायचाच नसतो!" आणि माहितीपुस्तिकेतल्या मुंगीएवढ्या अक्षरांवर त्याने बोट ठेवलं. खरंच तसं छापलेलं होतं. म्हणजे नाव ठेवताना मांडी आणि जबाबदारी घेताना टेबल! उद्या छत्रीवर 'पावसात उघडू नये' असं छापतील आणि भिजल्याबद्दल आपल्यालाच दोष देतील.

माझं भांडण उष्णतेशी नाही. यंत्राने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, हा निसर्गाचा नियम. त्याला कंपनी काय करणार? पण ती उष्णता बाहेर काढायला तांब्याची नळी लागते, पंखा लागतो, हवेला वाट लागते. या सगळ्यांना जागा हवी. आणि दर वर्षी नवा लॅपटॉप येतो तो पापडासारखा पातळ होऊन! पंख्याने अंग चोरायचं, नळीने चपटं व्हायचं आणि उरलेला ताप आमच्या मांडीने सोसायचा, असा हा करार आहे. त्यावर आमची सही कुणी घेतली होती?

उपाय आहेत, आणि ते मलाच शोधावे लागले. गादी-गोधडीवर ठेवला की खालची भोकं बुजतात, म्हणून आता तो लाकडी पाटावर असतो. मागच्या कडेखाली दोन खोडरबर. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने पंख्यातून धुळीची अख्खी चकती काढली आणि आतली सुकलेली पेस्ट बदलली. मग सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ वर आणली. बऱ्याच यंत्रांत तेवढ्यानेच त्याचं उगाच उसळून धावणं बंद होतं. एका टक्क्याची महत्त्वाकांक्षा सोडली आणि यंत्र शांत झालं! आमच्या साहेबांना ही सेटिंग कुठे असते, ते अजून सापडलेलं नाही.

पण खरं सांगायचं तर गुन्हेगार एकटी कंपनी नाही. दुकानात मीच चिमटीत धरून "वा, काय पातळ आहे!" म्हणालो होतो. वजन विचारलं, जाडी विचारली. तासाभराच्या कामानंतर खालचा पत्रा किती तापतो, हे विचारलं नाही. आपण विचारत नाही, म्हणून ते छापत नाहीत.

यापुढे मी विचारणार. वजनाशेजारी खालच्या पत्र्याचं तापमानही छापा, म्हणणार. नाही छापलं, तर दुकानातच तो चालू करून मांडीवर घेऊन तासभर बसणार. ते घाईघाईने टेबल पुढे करतील. टेबल मी घेणार नाही.